कांद्यातला डबा

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, खाडीतून काढलेली प्रेतं पाहिली. पण भीती कशाला म्हणतात असं कुणी विचारलं तर मला ती एकच घटना आठवते, आणि ती आठवली की या वयातही तळहाताला घाम येतो.

मी शिकलेला माणूस नाही. सातवीवर शाळा सुटली, शिपाई म्हणून भरती झालो आणि खालून वर चढत फौजदार झालो. पुस्तकं वाचून झालेले फौजदारही माझ्याबरोबर होते. त्यांना कलमं पाठ होती, मला माणसं पाठ होती. यात मला कधी कमीपणा वाटला नाही. ज्यांची ही गोष्ट आहे त्यांची नावं मी लिहिणार नाही. त्यातले काही अजून इथंच राहतात.

मुंबईतल्या स्फोटांना तेव्हा वर्षही उलटलं नव्हतं. मी नवी मुंबईत, खाडीच्या अलीकडच्या एका ठाण्यात होतो. लोकांची अवस्था अशी होती की बसच्या सीटखाली कुणाचा जेवणाचा डबा राहिला तरी अख्खी बस रिकामी व्हायची. रेडिओ, स्कूटर, पिशवी, सुटकेस, कशाचीही भीती. बेवारस वस्तूचे फोन दिवसभर चालू असायचे. प्रत्येक वेळी जायचं, लोकांना मागं हटवायचं आणि कुणीतरी ती वस्तू उघडायची. निघायचं काय, तर शिळी चपाती. पण पुढच्या वेळी चपातीच निघेल असं कुठं लिहून ठेवलेलं नसतं.

अशा दिवसांत एका सकाळी बूथवाला ठाण्यात आला. बोनकोडे गावचा माणूस, पावणे गावच्या कारखान्यांच्या रस्त्याला त्याचा एसटीडी बूथ होता. एरवी तोंडानं फटकळ, पण त्या दिवशी आला तो बाकावर बसूनच राहिला. मी पाणी दिलं.

"सायेब, माझा नाव कुठं येवाचा नाय," तो म्हणाला.

"नाही येत. बोल."

"एक चष्मेवाला इंजिनियर येतो माझ्याकरं. समोरच्या कारखान्यातला हाय. त्यांच्या फोनला एसटीडी नाय. आज सकाली त्यानं लांब फोन लावला, इशाखापट्टनला. मी काय कुनाचा फोन कान लावून आयकत नाय. पन लाइन खराब व्हती, तो वरडूनच बोलत व्हता."

"काय बोलत होता?"

त्यानं मागं वळून दाराकडं पाहिलं. "बोलला, डबा कांद्यात ठेवलाय. फुटला तर इथंच फुटू दे, बोटीवर फुटायला नको."

माझा हवालदार स्टेशन डायरी लिहीत होता, त्याचा हात थांबला. मी बूथवाल्याकडून ते वाक्य पुन्हा म्हणवून घेतलं. शब्द बदलला नाही. ऐकीव गोष्ट सांगणारा दुसऱ्या वेळी तिला मीठमसाला लावतो. यानं लावला नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली.

कांदा म्हटल्यावर दुसरं काय डोळ्यापुढं येणार? एपीएमसी मार्केट. कांदा-बटाट्याच्या बाजारात सकाळी ट्रकाला ट्रक लागलेला असतो. माथाडी, व्यापारी, चहावाले, रिकाम्या गोण्या गोळा करणाऱ्या बायका. तिथं काही फुटलं तर प्रेतं मोजायला आम्ही कमी पडलो असतो. आणि विशाखापट्टण म्हणजे बंदर. मेळ बसत होता.

मी मोठ्या साहेबांना सांगितलं. त्यांनी वर कळवलं. वरून निरोप आला की इंजिनियरला ताब्यात घ्या, संध्याकाळी मुंबईचं खास पथक येऊन त्याला घेऊन जाईल. त्या पथकानं माणूस नेला म्हणजे काय, ते तेव्हा सगळ्या पोलिसांना ठाऊक होतं. असल्या गुन्ह्यांना तेव्हा जो कायदा लावायचे, त्यात जामीन नव्हता. आत गेलेला माणूस परत आला तरी म्हातारा होऊन येणार.

बाजारात शोध घ्यायला मोठ्या साहेबांनी माणसं पाठवली. मी आणि हवालदार पावण्याला गेलो.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड. बाहेर पाटी नाही. आत राखाडी रंगाची लोखंडी टेबलं, कपाटाएवढी उंच, खाली रबराचे जाडजूड पाय. प्रत्येकाला काचेचा पडदा बसवायला चौकोनी भोक. छताला साखळीनं एक भला मोठा लोखंडी गोळा टांगलेला. तो पाहून हवालदार मला हळूच म्हणाला, "साहेब, ह्याच्यानं हे काय ठोकत असतील?"

मी कामगारांना विचारलं, "डबा कुठं आहे?"

एकानं भिंतीकडं बोट केलं. खिळ्यांना सगळ्यांचे जेवणाचे डबे अडकवलेले. बाकीचे माना खाली घालून उभे राहिले. मला वाटलं, थट्टा करतोय. पण थट्टा करणाऱ्याचे हात असे कापत नाहीत.

इंजिनियर आतल्या खोलीत होता. किरकोळ देहाचा, चाळिशीच्या आसपासचा, कपडे साधे.

"इथं काय बनवता तुम्ही?"

"ते मला सांगता येत नाही."

"मग बोटीवर काय नेणार होता, ते सांगा."

बोट हा शब्द ऐकला आणि त्याच्या तोंडावरचं रक्त उडालं. मी पुढं काही विचारलं नाही. त्याला जीपमध्ये घातला.

चौकशीची माझी एक रीत होती. माणसाला समोर बसवायचं, चहा द्यायचा आणि आपण दुसरंच काम करत राहायचं. गप्प बसणं पोलिसाला जमलं पाहिजे, कारण समोरच्याला ते जमत नाही. पट्टा, घड्याळ, चष्मा आणि खिशातलं सामान काढून घेतलं होतं. तो डोळे बारीक करून भिंतीकडं बघत बसला. चहाला हात लावला नाही.

शेवटी मीच विचारलं, "कांद्यात काय ठेवलंय?"

"घातक काही नाही."

"मग फुटणार काय आहे?"

"साहेब, मी सही केलेली आहे. सांगितलं तर मी आत जाईन."

"नाही सांगितलं तर कुठं जाशील? घरी?" मी आता अरेतुरेवर आलो होतो. "संध्याकाळी मुंबईची माणसं येतायत. ती माझ्यासारखा चहा देत नाहीत."

तो पुन्हा भिंतीकडं बघायला लागला.

"कुठल्या ट्रकात? एवढंच सांग. बाजारात गरीब माणसं आहेत, सकाळपासून उपाशी पोटी गोण्या वाहणारी. त्यांनी तुझं काय वाकडं केलंय?"

"त्यांना काही होणार नाही," तो म्हणाला. "मी शपथ घेतो. पण विचारू नका."

मालकाचं नाव मात्र त्यानं सांगितलं. मालक विशाखापट्टणला गेलेला. आम्ही त्याच्या लॉजवर फोन लावला, तर साहेब सकाळीच गोदीत गेले, तिथं फोन आत जात नाही, असं उत्तर. म्हणजे तोही दोर तुटला.

इतक्यात इंजिनियरची बायको ठाण्यात आली. आमच्या दोन शिपायांनी तिच्या घराची झडती घेतली होती, कपाटं उपसली होती. ती दारातच उभी राहिली. पदर घट्ट धरलेला.

"ह्यांनी काय केलंय ते मला सांगा," ती म्हणाली. "ते सोसायटीत कुणाशी वर मान करून बोलत नाहीत हो."

"वहिनी, बसा. चौकशी चालू आहे."

"तुम्ही सगळे हेच म्हणता. बसा. कितीजणी अशा बसल्यात?"

मी शिपायाला सांगून तिला बाहेरच्या बाकावर बसवलं.

मग बिनतारीवर बाजारातून निरोप आला. आवाज फाटलेला होता. "वस्तू मिळाली. कांद्याच्या ट्रकात, तळाला, गोण्यांच्या खाली. राखाडी लोखंडी पेटी, पट्ट्यांनी फळीला आवळलेली. आत दिवा पेटलेला दिसतोय. लोक पळतायत."

ठाण्यात जो तो जागच्या जागी थांबला. बाहेरच्या बाकावर त्याच्या बायकोनं भिंत धरली. आणि तो इंजिनियर, सकाळपासून कोंबडीसारखा अंग आक्रसून बसलेला, एकदम ताठ झाला.

"दिवा हिरवा आहे का लाल?" त्यानं विचारलं.

खरं सांगतो, मला वाटलं, संपलं. हिरवा म्हणजे काय आणि लाल म्हणजे काय? कुठला लागल्यावर फुटतं? मी बिनतारीवर विचारायला लावलं. उत्तर आलं, हिरवा.

त्यानं सोडलेला श्वास मला टेबलापलीकडं ऐकू आला. "आता तुम्ही त्याचं काय करणार?"

"मुंबईहून बाँबवाले निघालेत. खाडीपुलावर अडकलेत. आले की लांबून फोडतील."

"फोडू नका," तो उठून उभा राहिला. "साहेब, पाया पडतो, फोडू नका. मला तिथं न्या. मी उघडून दाखवतो." आणि मग हात पुढं करून म्हणाला, "माझा चष्मा द्या. मला जवळचं दिसत नाही."

मी मोठ्या साहेबांकडं गेलो. म्हटलं, मी ह्याला पेटीजवळ घेऊन जातो.

"वेड लागलंय का तुम्हाला? बाँबवाले येईपर्यंत थांबा."

"साहेब, ह्यानं चष्मा मागितला. मरायला निघालेला माणूस चष्मा मागत नाही."

"मरायला निघालेला मागत नसेल," साहेब म्हणाले. "मारायला निघालेला मागतो."

बोलणं खोटं नव्हतं. पण मी एकदा माणूस वाचला की तो उलटा करून वाचत नाही. म्हटलं, "मी त्याला खेटून उभा राहतो. मग तर झालं?" साहेबांनी टेबलाच्या खणातून चष्मा काढून माझ्या हातावर ठेवला.

बाजाराच्या फाटकावर दोर बांधला होता. बाहेर ही गर्दी. ट्रक उतरवणाऱ्या टोळीचा मुकादम पुढं आला, सातारकडचा गडी, अंगावर कांद्याचा पाचोळा.

"सायेब, पेटी मीच बघितली. वरच्या गोण्या काढल्या आन खाली लुकलुक करतंय. पोरं उडी मारून पळाली."

"कुणी हात लावला नाही ना?"

"हात? सायेब, आमी गोण्या उचलतो. मरान न्हाय उचलत." मग त्यानं इंजिनियरकडं पाहिलं, खालून वर. "ह्योच का तो? लई शिकलेला दिसतोय."

इंजिनियरनं मान खाली घातली.

आम्ही दोघं आत गेलो. तो बाजार मी कधी रिकामा बघितला नव्हता. हातगाड्या आडव्या पडलेल्या, कुणाची चप्पल, कुणाचा सांडलेला चहा. वाऱ्यानं कांद्याची टरफलं पायांत सरसरत येत होती आणि प्रत्येक वेळी माझा पाय मागं येत होता. मी त्याचा दंड धरला होता. लोकांना वाटलं असेल, पळू नये म्हणून. खरं म्हणजे मला काहीतरी धरायला हवं होतं. त्याचाही दंड थरथरत होता, आणि तो का थरथरतोय तेच मला कळत नव्हतं. पेटीला घाबरतोय की मला? आरोपीचा घाम आणि निर्दोष माणसाचा घाम यांचा वास एकच असतो. इतक्या वर्षांत मला त्यात फरक करता आला नाही, आणि येतो म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

ट्रकाचं फाळकं पाडलेलं होतं. गोण्यांमधल्या फटीतून हिरवा ठिपका दिसत होता. इंजिनियर वर चढला, मीही चढलो. गुडघ्यावर बसून त्यानं पेटीवर हात ठेवला. कशी सांगू, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. पुढच्या बाजूला मुठीत मावतील असे चार गोल खटके होते. त्यानं पहिला फिरवला. मी डोळे मिटले. मला मुलीचं लग्न आठवलं, जे अजून व्हायचं होतं. दुसरा, तिसरा. चौथा घट्ट होता. तो म्हणाला, "साहेब, जरा पेटी धरता का?" मी धरली. तेवढा मूर्ख मी जन्मात एकदाच झालो.

खटका सुटला. त्यानं मूठ धरून ओढलं आणि टेबलाचा खण निघावा तसा आतला भाग बाहेर आला. रेडिओच्या आत असतात तशा हिरव्या पट्ट्या, एकेक आपापल्या खाचेत उभी. स्कूटरची असते तसली एक बॅटरी. तो दिवा. बाकी काही नाही.

मी कांद्याच्या गोणीवर बसलो.

मग तो बोलू लागला. सकाळपासूनची गाठ सुटली. ती राखाडी टेबलं, कन्सोल म्हणतात त्यांना, नौदलाच्या बोटीवर बसणारी. त्यात कॉम्प्युटर. तोफ सुटली, लाट आदळली, इंजिनाची थरथर अखंड चालू राहिली, तरी ते बंद पडता कामा नये. म्हणून आतला सगळा कारभार खणाखणांत. एक खण बिघडला की तेवढाच ओढून काढायचा, दुसरा सरकवायचा. तेही अंधारात, ओल्या हातांनी, म्हणून ते मुठीएवढे खटके. छताचा गोळा धक्का देऊन बघायला. पण थरथर कशावर बघायची? तिचं यंत्र त्यांच्याकडं नव्हतं, आणि जिथं होतं तिथं लवकर नंबर लागत नव्हता. बोट तर निघायला आली होती.

"म्हणून कांद्याच्या ट्रकात?"

"हा ट्रक आमच्या शेडजवळच उभा असतो. नाशिककडं रिकामा जातो, भरून येतो. कसारा घाट, ते खड्डे, वरून गोण्यांचं वजन. ड्रायव्हरला फक्त म्हटलं, पेटी तळाला बांध. दिवा हिरवा राहिला तर सगळं शाबूत, लाल झाला तर आत काही सुटलं." तो थांबला. "पेटीत खऱ्या पट्ट्या नाहीत, साहेब. चाचणीच्या आहेत. पण फाटकाबाहेर काही न्यायचं नाही अशी सही आहे. मी नेलं. बोललो असतो तरी गुन्हा, गप्प बसलो तरी गुन्हा."

भीती अशी असते. दोन्ही बाजूंनी दार लावून घेते.

पण प्रकरण तिथं संपलं नाही. बाँबवाले पेटी बघून परत गेले. ठाण्यात खास पथक आलं, आणि त्यांच्या अधिकाऱ्याला हे सगळं रचलेलं वाटलं. तो म्हणाला, "पेटीत आज बाँब नाही, म्हणून उद्या नसेल? फोनवर हा फुटण्याची भाषा बोलतो. आम्ही घेऊन जातो."

मी म्हटलं, "जरा थांबा." कारखान्याचे कामगार ठाण्याबाहेर उभे होते. त्याला नेल्यापासून त्यांची इंजिनियरशी गाठ पडलेली नव्हती. मी त्यातला पत्रेकाम करणारा फिटर एकटा आत बोलावला आणि पथकाच्या अधिकाऱ्यासमोर त्याला विचारलं, "डबा म्हणजे काय रे?"

"कुठला डबा? जेवनाचा का कन्सोलचा?"

"कन्सोलचा. तो फुटला म्हणजे काय होतं?"

"फुटला म्हंजे जोड सुटला. वेल्डिंगला तडा गेला, पानी आत शिरतं. रोज एखादा फुटतो ना गोळ्याखाली." तो आमच्या तोंडाकडं बघायला लागला. "दुसरं काय फुटनार साहेब? पत्राच हाय तो."

अधिकाऱ्यानं हातातली वही मिटली. बूथवाल्यानं एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं. इंजिनियरही एक अक्षर वावगं बोलला नव्हता. शब्द शेडीतून निघून रस्ता ओलांडून बूथवर आला, तेवढ्यात त्याचा बाँब झाला होता.

मोठ्या साहेबांनी नौदलाला कळवलं होतं. दिवेलागणीला त्यांचा अधिकारी आला, पांढऱ्याशुभ्र गणवेशात. पेटी तपासली, इंजिनियरला कोपऱ्यात घेऊन चांगलाच झापला, आणि पथकाला लेखी दिलं की हा आमच्या कामातला माणूस, गुपित काही बाहेर गेलेलं नाही. जाताना मला म्हणाला, "फौजदारसाहेब, आम्ही बोट म्हणत नाही. जहाज."

"आमच्या गावात पाण्यावर तरंगतं ती बोट," मी म्हटलं. तो हसला. मी हसलो नाही.

इंजिनियरला मोकळा केला. पट्टा, घड्याळ परत दिलं. तो पायरीवर जाऊन उभा राहिला आणि तिथंच थांबला. बायको त्याच्या शेजारी. मी विचारलं, "आता काय?"

ती म्हणाली, "घरी कसं जायचं ते बघतोय. जीप आली तेव्हा सगळी बिल्डिंग जिन्यात उभी होती. शेजारणीनं माझ्यासमोर मुलांना आत ओढलं आणि कडी लावली. आता कुणाकुणाला काय सांगू?"

माफी मागणं मला जमत नाही, आणि मी मागितली नाही. तशी खबर दुसऱ्या दिवशी पुन्हा आली असती तर मी पुन्हा माणूस उचलला असता. पण ते पायरीवर उभे राहिलेले दोघं मला बघवेनात. मी त्यांना जीपमध्ये बसवलं, पुढं मी, पूर्ण गणवेशात, आणि त्यांच्या सोसायटीत जीप मधोमध उभी केली. जिन्यावरून मोठ्यानं बोलत चढलो. घरात दारासमोरच खुर्ची ओढून बसलो आणि म्हटलं, "वहिनी, चहा टाका. दार उघडंच राहू दे."

थोड्या वेळानं सोसायटीचा सेक्रेटरी डोकावला. "साहेब, काय मॅटर? सगळे टेन्शनमध्ये आहेत."

"मॅटर काही नाही. सरकारी काम करतात हे. आम्हाला मदत लागली म्हणून नेलं होतं. तुम्ही चहा घेणार?"

तो घेणार म्हणाला. त्याच्या मागून आणखी एक जण आला. समोरच्या दाराची कडी निघाल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. इंजिनियर मात्र कोपऱ्यात बसून होता, कपबशी वाजू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून. मी निघालो तेव्हा तो माझ्यामागं जिन्यापर्यंत आला.

"परत बोलावणार का, साहेब?"

"नाही."

"नक्की?"

मी नक्की म्हटलं. त्याला पटलं नाही, ते मला दिसलं. वर्षभरानं ते लोक तिथून घर सोडून गेले असं कळलं. कुठं, ते मी शोधलं नाही. पोलीस शोधतोय म्हटल्यावर तो पुन्हा दचकला असता.

या प्रकरणानं मला एकच शिकवलं. माणसाच्या घरात भीती न्यायला एक जीप पुरते, आणि ती भीती आपोआप परत येत नाही. पुढं नोकरी संपेपर्यंत संशयावरून उचललेला जो जो माणूस निर्दोष निघाला, त्याला मी ठाण्याच्या पायरीवर सोडलं नाही. ज्या दारातून नेला त्याच दारात, चार लोकांदेखत, नेऊन पोचवला. शिपाई कुरकुरायचे. म्हणायचे, "साहेब, सुटलेल्या माणसाला पोचवायला पेट्रोल कुठनं आणायचं?"

मी म्हणायचो, "आणताना होतं ना?"